बोटी किती ते कळले. कुठे आणि केव्हा ते सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की बडोद्याच्या पूर्वतयारीच्या बातम्या छापून येऊ लागतात. बोटी इतक्या, लाइफ जॅकेट इतकी, पंप इतके, झाडे कापायच्या करवती इतक्या. यादी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर चढली आणि नदीकाठच्या सोसायट्या पाण्यात अडकून पडल्या, तेव्हा आत बसलेल्या माणसाला शहरात एकूण किती बोटी आहेत याच्याशी काही देणेघेणे नव्हते. बोट नदीच्या कोणत्या काठावर आहे, पूल बंद व्हायच्या आत ती पलीकडे गेली का, तिच्या मोटरीत तेल मिसळलेले पेट्रोल आहे का आणि आपल्या आधी रांगेत किती पत्ते आहेत, एवढेच त्याला हवे होते. यांतले एकही उत्तर यादीत सापडत नाही.

ही उत्तरे पूर येण्याआधी मिळवता येतात. त्यासाठी पूर संगणकावर आणावा लागतो, एकदा नव्हे तर पाचशे वेळा, आणि प्रत्येक वेळी बोटी, रुग्णवाहिका, ट्रॅक्टर आणि पंप वेगळ्या जागी ठेवून काय होते ते पाहावे लागते. सिम्युलेशन म्हणतात ते हेच. ते करायचे कसे आणि फसते कुठे, हे जरा तपशिलात लिहीत आहोत. कारण ‘आता सगळे संगणकावर आहे’ असे सांगून एक मोठा पडदा भिंतीवर लावला की काम झाले, हा समज आपल्याकडे फार लवकर पसरतो.

आधी पाण्याविषयी. बडोद्याचा पूर एका जातीचा नाही. ३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत शहरावर सुमारे २० इंच पाऊस कोसळला. एवढा पाऊस म्हणजे एका चौरस किलोमीटरवर पाच लाख घनमीटर पाणी. त्या वेळी पाणी आधी अंगणात आले आणि नदीकडे नंतर गेले; गरनाळी (रुळांखालून जाणारे रस्ते) भरली, भूखी आणि रूपारेलसारख्या काँस, म्हणजे शहरातले मोठे नाले, ओसंडल्या. २०२४ मध्येही शहरात जबर पाऊस होता, पण पाणी दिवसेंदिवस उतरले नाही ते नदीमुळे. पावागडच्या बाजूने येणारे पाणी, आजवा सरोवराचे पाणी आणि खाली ढाढर नदी. विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते, आणि ढाढर फुगलेली असली की विश्वामित्रीचे पाणी मागे तुंबते. पहिल्या जातीच्या पुरात हाताशी वेळ तासाभराचा असतो; वीज तोडणारी माणसे आणि पंप आधी लागतात. दुसऱ्या जातीत आजव्याची आणि नदीची पातळी बघून काही तास आधी हालचाल करता येते, पण मग दोन-तीन दिवस बोटी, पिण्याचे पाणी आणि औषधे पुरवत राहावे लागते. एकाच आराखड्यात दोन्ही बसवले तर तो दोन्हीकडे अपुरा पडतो. म्हणून मॉडेलमध्ये निदान हे दोन पूर वेगवेगळे चालवावे लागतात, आणि तिसरा दोन्ही एकत्र आल्याचा. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराचे ६२ दरवाजे कोणत्या तासाला किती उघडे आहेत, हेही त्यात तासागणिक भरावे लागते.

पाण्याचे गणित करणारी चांगली साधने फुकट मिळतात. नदीसाठी अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचे एचईसी-रास आणि गटारे-नाल्यांसाठी तिथल्याच पर्यावरण संस्थेचे स्वम. खर्च होतो तो जमिनीच्या उंचीवर. फुकट मिळणारे उपग्रहाचे उंची-नकाशे ३० मीटरच्या चौकटीचे असतात. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध एसआरटीएम फेब्रुवारी २००० मध्ये मोजलेला आहे. त्यानंतर बडोद्यात किती भराव पडले ते रिंगरोडवरून एक चक्कर मारली तरी दिसते. उंचीतली चूक काही मीटरची, आणि आपला प्रश्न असतो दोन फुटांचा. शिवाय ३० मीटरच्या चौकटीत अलकापुरीचे गरनाळे नाहीसेच होते. पुलाचा वरचा भाग नकाशात जमीन म्हणून आला असेल तर मॉडेलमध्ये तिथे नदी अडते आणि पुलाच्या वरच्या अंगाला नसलेला तलाव दिसू लागतो. हे हाताने दुरुस्त करावे लागते: नदीचे छेद मोजून पात्र कोरून घालायचे, गरनाळ्यांच्या तळाची उंची वेगळी भरायची आणि शहराच्या सखल पट्ट्याचे ड्रोनवरून लायडार (लेसरने उंची मोजणारे) सर्वेक्षण करून घ्यायचे. सगळ्या शहराचे करायची गरज नाही. नदीच्या दोन्ही बाजूंचा पट्टा आणि काँसांच्या कडा एवढे पुरे.

आणखी एक काम लगेच करण्याजोगे आहे आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. २०२४ च्या पाण्याच्या रेघा अजून कितीतरी कंपाउंडच्या भिंतींवर आहेत. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून, जवळच्या पक्क्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेपासून, त्यांची उंची मोजून ठेवावी. मॉडेल खरे की खोटे हे ठरवायला याहून चांगला पुरावा नाही, आणि दिवाळीच्या रंगकामात तो एकेक घर करून पुसला जातो आहे. मॉडेल २०१९ च्या पुरावर बसवावे, म्हणजे त्या पुराशी जुळेल असे करावे, आणि २०२४ च्या रेघांवर तपासावे. दोन्ही पुरांवर एकदमच बसवले तर ते सुंदर जुळेल, आणि तिसऱ्या पुरात काय सांगेल याची काहीच खात्री उरणार नाही.

इथपर्यंतचे काम मुंबईत झालेले आहे. २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटर पावसानंतर, बऱ्याच उशिरा का होईना, जून २०२० मध्ये तिथे आयफ्लोज-मुंबई ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. पाणी कुठे आणि किती चढेल, हे कळणे मोठीच गोष्ट आहे. पण ते अर्धे काम. उरलेल्या अर्ध्या कामाचा प्रश्न असा: पाणी तिथे चढणार आहे, मग आपल्या हातातल्या तुटपुंज्या साधनांपैकी कोणते, कुठे, केव्हा?

इथे खोलीच्या नकाशाचे आधी वाहनांच्या नकाशात रूपांतर करावे लागते. फुटभर पाण्यापर्यंत रुग्णवाहिका जपून जाऊ शकते. त्यापुढे एक्झॉस्टमध्ये पाणी शिरते आणि तीच अडकून बसते. दीड ते अडीच फुटांचा टप्पा सर्वांत त्रासाचा. गाडी जात नाही, आणि बोटीची मोटर खाली टाकली तर पंखा रस्त्याला, दुभाजकाला, बुडालेल्या स्कूटरला घासतो. तिथे मोठ्या चाकांचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली लागते. शहरालगतच्या गावांत ट्रॅक्टर मुबलक आहेत, पण कोणाचा, कोणत्या नाक्यावर येणार, डिझेल कोण भरणार हे मे महिन्यात ठरलेले हवे. त्याहून खोल पाण्यात बोट. आणि खोलीइतकाच वेगही महत्त्वाचा. मीटरमधली खोली गुणिले सेकंदाला मीटरमधला वेग हा आकडा ०.६ च्या पुढे गेला की धडधाकट माणसालाही पाण्यात पाय रोवणे कठीण जाते. मुलांसाठी मर्यादा आणखी खाली. दोरी धरून चालत बाहेर काढण्याचे बेत हा आकडा पाहिल्याशिवाय करू नयेत. बडोद्यात तर उथळ पाण्यात उतरून बोट ढकलण्याआधी दोनदा विचार करावा लागतो, कारण पुराबरोबर मगरीही सोसायट्यांत येतात. जगातल्या कोणत्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये मगरीचा रकाना नाही. तो आपला आपणच घालून घ्यायचा.

आता बोटीची एक फेरी जवळून पाहू. फुगवायची रबरी बोट, ४० अश्वशक्तीची मोटर, चालवणारा एक आणि मदतीला दोघे. पाण्याच्या काठापासून सोसायटीपर्यंत १२ मिनिटे, जिन्यावरून माणसे उतरवून घ्यायला १०, परत १२, उतरवायला ६, आणि पेट्रोल, दोरखंड, पंख्यात गुंतलेली केबल काढणे यांची सरासरी ५. झाली ४५ मिनिटे. बोटीवर जागा लिहिलेली असते आठ-दहा माणसांची, पण चालक-मदतनीस, म्हातारी माणसे, पिशव्या आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट धरले तर फेरीला सहा. जानेवारी २०२४ च्या हरणी तलावाच्या दुर्घटनेनंतर बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरू नयेत हे बडोद्यात कोणाला समजावून सांगायला नको. म्हणजे एक बोट तासाला आठ माणसे काढते. एका मोठ्या सोसायटीच्या तळमजल्यावर साठ कुटुंबे, अडीचशेच्या आसपास माणसे असतील, तर चार बोटी तिथेच साडेसात-आठ तास गुंतल्या. अंधार पडला की फेरी जवळजवळ दुप्पट वेळ खाते. पेट्रोलचाही हिशेब आहे: टू-स्ट्रोक मोटर पूर्ण वेगात तासाला १५ लिटरच्या आसपास पिते, आणि ५० ला १ या प्रमाणात तेल मिसळलेले पेट्रोल पंपावर तयार मिळत नाही. पहिल्या सहा तासांनंतर बोटी थांबतात त्या बहुधा याच कारणाने.

मग रांग. नियोजन करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग एकदा कागदावर करून पाहावा. प्रत्येक पत्त्याला सरासरी ४५ मिनिटांची एक फेरी धरली आणि एक बोट ७० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर रांगेच्या साध्या सूत्राने नव्या पत्त्याला सरासरी १०५ मिनिटे थांबावे लागते. तीच बोट ९० टक्के वेळ गुंतली की थांबणे ४०५ मिनिटांवर जाते. काम वाढले तीस टक्क्यांहूनही कमी, पण प्रतीक्षा जवळपास चौपट झाली. ‘आमच्या बोटी अजून थोड्या मोकळ्या आहेत’ हे वाक्य नियंत्रण कक्षात ऐकू येईल, तेव्हा रांग आधीच हाताबाहेर गेलेली असू शकते. आणि पुरात तर हे सूत्रही पुरत नाही, कारण ते गृहीत धरते की फोन एका संथ लयीत येत राहतात. खरा पूर असा नसतो. तासाला २० पत्ते येत आहेत आणि क्षमता १६ ची आहे. दहा तासांनी रांगेत ४० पत्ते तुंबलेले. पुढे फोन ओसरून तासाला आठ झाले तरी ही रांग संपायला आणखी पाच तास. पाणी उतरू लागले, मंत्र्यांचा दौरा झाला, आणि आतली माणसे अजून थांबलेलीच, हे होते ते असे. चढत्या-उतरत्या गर्दीचे हे गणित सूत्राने सुटत नाही, घटना एकामागून एक संगणकावर घडवूनच पाहावी लागते.

यातून बडोद्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट निघते ती पुलांविषयी. समजा दोन काठांवर एकेक बोट आहे आणि दोन्ही ८० टक्के वेळ गुंतलेल्या आहेत. प्रत्येक काठावर सरासरी प्रतीक्षा १८० मिनिटे. त्याच दोन बोटी दोन्ही काठांना मिळून वापरता आल्या, तर प्रतीक्षा ८० मिनिटांवर येते. एकही बोट न वाढवता! म्हणूनच सगळी साधने एका कक्षाच्या हाताखाली हवीत, असे जगभरचे नियोजनकार सांगतात. पण विश्वामित्री शहराच्या मधोमध वाहते. रावपुरा, दांडिया बाजार, कारेलीबाग, सयाजी हॉस्पिटल एका बाजूला. अकोटा, सयाजीगंज, फत्तेगंज, अलकापुरी दुसऱ्या. नदी चढली की एकेक करून पूल बंद होतात, आणि कागदावर एकत्र असलेला ताफा त्या क्षणी दोन ताफे होऊन बसतो. फुगलेल्या नदीत बोट पुलाखालून आडवी नेणे म्हणजे बोट आणि माणसे दोन्ही गमावणे. नदीच्या पश्चिमेने जाणाऱ्या रेल्वे मार्गाची भानगड वेगळीच: सयाजीगंज नदी आणि रूळ यांच्या मध्ये, गरनाळी भरली की तेही कात्रीत, जेतलपूर पुलासारखे वरून जाणारे रस्ते उरतात, आणि शहरभरच्या गाड्या त्यांवर.

तेव्हा निर्णय पूल बंद होण्याआधी व्हायला हवा, आणि किती आधी हे मॉडेल सांगते. बोटी ट्रकवर चढवून पलीकडे नेऊन पाण्यात सोडायला दोन तास लागत असतील, नदी तासाला एक फूट चढत असेल, तर पूल बंद होण्याच्या पातळीपेक्षा दोन फूट आधी हुकूम सुटला पाहिजे. चढण्याचा वेग अचानक वाढतो म्हणून आणखी एक फूट. म्हणजे नियमाचे रूप असे: काळाघोड्याच्या पुलापाशी मोजलेली नदीची पातळी अमुक फूट आणि गेल्या दोन तासांची चढ अमुक, की इतक्या बोटी आणि इतक्या १०८ रुग्णवाहिका पश्चिमेला. तिथून पुढे अकोट्याचा रुग्ण सयाजी हॉस्पिटलला न्यायचा नाही, गोत्रीच्या हॉस्पिटलला न्यायचा, आणि तिथे त्या रात्री शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर व रक्त आहे ना हे आधी बघायचे. नियम दोन ओळींचा आहे. पण त्यातले ‘अमुक’ आकडे अंदाजाने भरता येत नाहीत, पाचशे पुरांतून निघतात.

फोनांबद्दल. मॉडेलला मागणी कुठून मिळते? सोपा मार्ग म्हणजे १०१, १०८, ११२ वर आलेले फोन. त्यात दोन खोट आहेत. एक, एकच कुटुंब चार ठिकाणी फोन करते, शिवाय नगरसेवकाला आणि मुंबईच्या मामाला. मामा पुन्हा कंट्रोल रूमला. ही पुनरावृत्ती पत्त्यावरून आणि वेळेवरून गाळली नाही तर बोलघेवड्या सोसायटीत तीन बोटी पोचतात. ‘मंदिरामागे, पिवळ्या गेटजवळ’ असे पत्ते गाळता येत नाहीत, म्हणून सोसायट्यांच्या गेटांना ठळक क्रमांक देऊन ते नकाशावर टाकून ठेवावेत. दुसरी खोट जास्त गंभीर. जिथे पाणी सर्वांत जास्त, तिथे वीज गेलेली, मोबाइल टॉवरची बॅटरी संपलेली, फोन भिजलेले. तिथून फोन येणे थांबते, आणि फोनांवर चालणारे मॉडेल समजते की तिथले लोक सुटले. मागणीचा पाया म्हणून घरे, तळमजले, वय आणि पाण्याची खोली घ्यायला हवी. फोन त्यावरची दुरुस्ती म्हणून वापरायचे. पाणी छातीएवढे आणि फोन शून्य, अशी जागा नकाशावर लाल दिसली पाहिजे.

मागणी काळाप्रमाणे बदलतेही. पहिल्या काही तासांत जीव वाचवणे: तळमजले, झोपडपट्ट्या, अंथरुणाला खिळलेले. दुसरी लाट वीज गेल्यावर येते. सातव्या मजल्यावर पाणी पोचत नाही, पण लिफ्ट बंद, पंप बंद, म्हणून नळही बंद. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेल्यांचा हिशेब तर घड्याळावरच मांडता येतो. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू असतो; मिनिटाला दोन लिटर लागत असेल तर साडेबारा तास. संध्याकाळी सातला वीज गेली तर सकाळी साडेसातच्या आत दुसरा सिलिंडर घेऊन बोट दारात हवी, आणि ती अंधारात जाणार असेल तर अंधाराची फेरी धरून. तिसरी लाट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी: डायलिसिसची पाळी चुकलेले, इन्सुलिन संपलेले, बाळंतपणाची तारीख आलेल्या. या तिसऱ्या लाटेचे पत्ते फोनची वाट न पाहता आधीच मिळतात, कारण डायलिसिस केंद्रांकडे रुग्णांची वारवार यादी असते. तरी बहुतेक आराखड्यांत पहिल्या लाटेपलीकडे काही नसते, आणि तिसऱ्या दिवशी बोटी धान्याच्या किटांचे फोटो काढण्यात गुंतलेल्या दिसतात.

पंपांचे गणित याहून सोपे आहे, म्हणून ते चुकते तेव्हा जास्त चीड येते. साठ मीटर लांब, आठ मीटर रुंद गरनाळ्यात सरासरी दीड मीटर पाणी म्हणजे ७२० घनमीटर. तासाला १०० घनमीटर उपसणारा पंप लावला तर सव्वासात तास. पण त्या गरनाळ्याकडे दोन हेक्टरचे पाणी उतरत असेल आणि पाऊस तासाला ५० मिलिमीटर पडत असेल, तर तासाला १००० घनमीटर आत येत आहे. पाऊस चालू असेपर्यंत तिथला पंप निव्वळ दाखवायला. तोच पंप त्या वेळी हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे जनरेटर आणि पॅनेल आहेत, किंवा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ठेवला तर शेकडो माणसांचा प्रश्न सुटतो. गरनाळ्याला बॅरिकेड आणि दोन माणसे पुरेत. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने पंप गरनाळ्याकडे. मॉडेलने हे सांगितल्यावर मात्र अंमलबजावणी अवघड जाते, कारण गरनाळ्यातला पंप रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसतो आणि तळघरातला कोणालाच नाही.

कोबेच्या १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ६,४०० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर जपानी संशोधकांनी रोबोकप रेस्क्यू नावाचा उपक्रम उभा केला. त्यात संगणकावरच्या शहरात अग्निशमन, रुग्णवाहिका आणि रस्ते मोकळे करणारे पोलीस अशी तीन पथके मिळून काम करतात, आणि जगभरचे विद्यार्थी त्याच्या स्पर्धा खेळतात. त्यातला धडा आपल्या कामाचा आहे: रस्ता मोकळा होण्याआधी पाठवलेली रुग्णवाहिका मदत करत नाही, ती स्वतःच एक अडथळा होते.

न्यू यॉर्कचे उदाहरण इशाऱ्याचे. १९७० च्या आसपास तिथल्या अग्निशमन दलासाठी रँड संस्थेच्या लोकांनी बरेच मोलाचे गणित केले. गाडीला सरासरी किती अंतर जावे लागते ते क्षेत्रफळ भागिले गाड्यांची संख्या याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, हा नियम त्यातलाच. गाड्या दुप्पट केल्या तरी अंतर निम्मे होत नाही, २९ टक्केच घटते. बोटींची नुसती संख्या वाढवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पण याच आकडेमोडीचा आधार घेऊन तिथे काही अग्निशमन पथके बंद केली गेली, त्यांत ब्राँक्ससारख्या आगींनी होरपळणाऱ्या वस्त्यांमधलीही होती, आणि त्याबद्दलची टीका आजही होते. गणित सरासरी पोचण्याच्या वेळेचे होते; एका वस्तीत गाड्या सतत गुंतलेल्या आहेत, ही गोष्ट सरासरीत बुडाली.

आपल्याकडे हेच घडू शकते. मॉडेलला ‘सरासरी प्रतीक्षा कमी कर’ असे सांगितले तर ते सगळ्या बोटी कोरड्या रस्त्याला लागून असलेल्या दाट सोसायट्यांत ठेवील, कारण तिथे फेरी लहान आणि आकडा झटपट सुधारतो. वडसर-कलालीकडची टोकाची वस्ती रांगेत शेवटी. मॉडेलला प्रश्न असा विचारावा: तातडीच्या पत्त्यांपैकी दोन तासांहून जास्त थांबलेले किती, आणि सर्वांत वाईट वॉर्डात किती? पाचशे पुरांतल्या सरासरी पुराबरोबर सर्वांत वाईट पन्नास पूर वेगळे काढून पाहावेत. दोन योजनांची तुलना करताना दोन्हींना तोच पाऊस, तेच फोन, बिघडलेली तीच मोटर द्यावी, नाहीतर फरक योजनेचा की नशिबाचा ते कळत नाही. आणि बिघाड धरावाच. आठ बोटी यादीत असतील तर सहाच चालतील असे गृहीत धरणे शहाणपणाचे. आठ बोटींना दोन पाळ्यांत तिघे-तिघे म्हणजे ४८ प्रशिक्षित माणसे लागतात; बोट घेणे सोपे, ही माणसे तयार ठेवणे कठीण. जरोदला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) सहावी बटालियन आपल्या उशाशी आहे हे आपले भाग्य, पण ती साऱ्या गुजरातेत जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये सौराष्ट्रातही पूर होते. ती सगळीच्या सगळी बडोद्याला मिळेल असे मॉडेलमध्ये लिहिणे ही फसवणूक ठरेल.

खर्चाविषयी थोडक्यात. रांगांच्या भागासाठी पायथनमधले सिमपाय, नकाशांसाठी क्यूजीआयएस, वाहतुकीसाठी सुमो, सगळे फुकट. ३२ जीबी मेमरीचा एक बरा संगणक. बाकी सर्वेक्षण आणि माणसे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवन या तंत्रशाळेच्या जागी आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. स्थापत्य आणि संगणक अशा दोन विभागांतल्या विद्यार्थ्यांना एका वर्षाचा प्रकल्प म्हणून हे काम देता येईल, फक्त अग्निशमन दलातला एक अनुभवी माणूस त्यांच्याबरोबर आठवड्यातून एक दिवस बसायला हवा. त्याच्याविना मुले बोटीची फेरी वीस मिनिटांची धरतील.

महानगरपालिकेकडे मागणे असे. प्रत्येक फोनच्या चार वेळा नोंदवा: फोन आला, साधन निघाले, पोचले, मोकळे झाले. ‘काम पूर्ण’ एवढ्या नोंदीवरून कोणतेही मॉडेल बसवता येत नाही. प्रत्येक पूल काळाघोड्याच्या कोणत्या पातळीला बंद होतो ते जाहीर करा. आणि मॉडेलमधून निघालेले नियम एका पानाच्या तक्त्यावर छापून दांडिया बाजारपासून प्रत्येक फायर स्टेशनात, १०८ च्या थांब्यांवर आणि वॉर्ड ऑफिसांत भिंतीला लावा, कारण पुराच्या रात्री संगणक चालेलच असे नाही आणि तेव्हा तो चालवत बसायलाही कोणी मोकळा नसतो. तक्त्यात एक रकाना आवर्जून ठेवा. रात्री दोनला नदीने ठरलेली पातळी गाठली तर बोटी पलीकडे हलवण्याचा हुकूम कोणत्या पदावरचा अधिकारी देणार, आणि पंधरा मिनिटांत त्याचा फोन लागला नाही तर कोणाला न विचारता तो हुकूम देण्याचा अधिकार पुढे कोणाला.

आपले,
जलविज्ञान, वाहतूक आणि आपत्कालीन सेवांच्या नियोजनात काम करणारे काही बडोदेकर